शहापूरच्या लॉनमधले वाकडे दगड

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. संबंधितांची नावं देत नाही.

भंडारा जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत असताना सिहोऱ्याकडची एक बाई भावाला घेऊन आली. तिचा नवरा दगडी फरसबंदीचा कारागीर. शहापूरजवळ लग्नसमारंभाच्या एका लॉनचं काम चालू होतं. तो तिथंच मुक्कामी राहायचा आणि बाजाराच्या दिवशी घरी जायचा. या वेळी गेला नव्हता. फोन बंद होता.

"पोरगी बाळंतपणाले आली आहे, साहेब. दिवस भरत आले तिचे," ती म्हणाली. "असा न सांगता राहणारा मानूस नाही तो."

हरवल्याची नोंद घेतली, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला, फोनचा सीडीआर, म्हणजे कॉलचा तपशील, मागवला. शेवटचं लोकेशन भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळचं निघालं. पुढे काहीच नाही.

कामावर त्याचा एक भागीदार होता. खोदाईची मशीन आणि छोटा रोलर या भागीदाराच्या मालकीचे. हा जमीन खोदायचा, मुरूम टाकून दाबून द्यायचा. त्यावर फरशीवाला लाल-पिवळ्या राजस्थानी दगडांची फुलं आणि वेली बसवायचा. दोघांची जोडी जुनी होती. एकाला काम सांगितलं की दुसरा आपोआप येणार, हे गिऱ्हाईकांना ठाऊक होतं.

मजुरांचे जबाब घेतले तेव्हा वेगळंच समोर आलं. फरशीवाला दिसेनासा होण्याच्या आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "तुले मरायचंच आहे त मर!" असं मशीनवाला ओरडल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं.

त्यातच ठाण्याच्या फोनवर एक निनावी खबर आली. "साहेब, लॉनच्या मागच्या कोपऱ्यात पाहा. मजूर गेल्यावर मशीनवाल्यानं एकट्यानं तिथं खड्डा खणला. आता वर दगड आहेत, पण फरशीवाल्याच्या हातचे नाहीत. वाकडे आहेत." आवाज लॉनच्या चौकीदाराचा होता, हे मला नंतर कळलं.

मी स्वतः जाऊन पाहिलं. बाकी अंगणात दगडाला दगड असा भिडला होता की नख शिरणार नाही. त्या कोपऱ्यात मात्र वेल मोडली होती आणि सांधे तोंड वासून होते.

मशीनवाल्याला ठाण्यात बोलावलं. दणकट, मुरमाच्या रंगाचा माणूस. समोर ठेवलेल्या चहाला त्यानं हात लावला नाही.

"भागीदार कुठं आहे?"

"येईल, साहेब."

"कुठून येईल?"

त्यानं दाराकडे पाहिलं.

"कोपऱ्यात काय पुरलं?"

त्यानं मान खाली घातली. "ते दगड उखडू नका, साहेब. बाकी मले जे करायचं ते करा."

माझा अनुभव असा की, ज्यानं काही केलेलं असतं तो पोलिसांना किती कळलंय याचा अंदाज घेत राहतो. यानं तसा एकही प्रश्न विचारला नाही. बऱ्याच वेळानं हळूच एवढंच विचारलं, "वहिनी बाहेर बसली आहे का? जेवली का ते?"

त्या प्रश्नानं मी अडखळलो. पण अशी शंका केस डायरीत लिहिता येत नाही. खोदकामाच्या परवानगीसाठी तहसीलदारांना पत्र दिलं. पंच, वैद्यकीय अधिकारी, कॅमेरावाला, सगळे लॉनवर जमले. मशीनवाल्याला आणलं. फरशीवाल्याच्या बायकोला मी लांब थांबायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

दगड निघाले. खालचा मुरूम रोलरनं घट्ट बसवलेला होता, कुदळीला दाद देईना. अखेर सुतळीनं बांधलेलं एक पोतं दिसलं. बाईनं भावाचा खांदा गच्च धरला. डॉक्टर पुढं झाले आणि सुतळी कापायला सांगितली.

पोत्यात दगड कापायचं कटर होतं. वायर नीट गुंडाळलेली, सोबत जास्तीची पाती.

मशीनवाला तिथंच मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"दगडाची धूळ फुफ्फुसात बसली आहे त्याच्या," तो म्हणाला. "चार पावलं चालला का धाप लागते. डॉक्टरनं सांगतलं, कटर सोड. हा सोडत नाही. म्हणे, हे काम झालं का सोडतो. म्हणून भांडलो. दुसऱ्या दिवशी मीच समजावून भंडाऱ्याहून नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. तिथं भरती आहे, तपासण्या चालू आहेत. वहिनीले सांगशील त माझ्या पोरीची शपथ आहे, म्हणाला. पोरगी मोकळी होऊ दे, मंग मीच सांगतो."

"मग कटर पुरायचं कशाला? विकायचं होतं."

त्यानं डोळे पुसले. "विकलं असतं त दुसऱ्या कोणाच्या छातीत गेली असती ना हे धूळ, साहेब."

बाई भावाचा खांदा सोडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती बोल लावणार. ती म्हणाली, "भाऊजी, चाला. मले त्याच्याजवळ न्या."

आमच्याच गाडीतून दोघांना घेऊन मी नागपूरला गेलो. वॉर्डात फरशीवाला उशीला टेकून बसला होता. फोन बंद का, तर चार्जर लॉनवरच राहिला होता. बायकोला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मले सांगतलं असतं त मी का मरून गेली असती?" ती म्हणाली. बोलता बोलता तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"पोरीच्या टेन्शनमध्ये तुले आणखी..."

"चूप राहा. दम लागून राहिला तुले."

मी घडलेलं सगळं सांगितलं. जमीन खोदली, दगड काढले, पंच होते. आपल्या खुनाच्या संशयाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. भागीदाराकडे वळून म्हणाला, "कोपऱ्यातले दगड तू बसवले?"

"हो."

"रोलर फिरवला होता?"

"फिरवला ना. आडवा-उभा दोन्ही."

"उतार कोणत्या बाजूले ठेवला?"

मशीनवाला डोकं खाजवू लागला. "उतार त नाही ठेवला, गा."

"मंग पाणी साचून दगड खचतीलच ना! गिट्टीची बारीक चुरी तरी टाकली का दगडाखाली?"

"मुरमावरच बसवले."

"चुरी नाही, उतार नाही. कायले हात लावला तू?" आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला. मशीनवाल्यानं त्याची पाठ चोळली, बाईनं पाण्याचा ग्लास धरला. मी वॉर्डाबाहेर येऊन उभा राहिलो.

तो आजार पूर्ण बरा होणारा नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, पण धूळ टाळली तर पुष्कळ काळ जगता येईल, असंही म्हणाले. तो घरी गेल्यावर मुलीला मुलगी झाली. लॉनचं उरलेलं काम दोघांनीच पुरं केलं. दगड कारखान्यातून कापून आणले. फरशीवाला खुर्चीवर बसून वेल सांगायचा, मशीनवाला शिव्या खात बसवायचा.

हरवल्याच्या नोंदीवर मी 'इसम मिळून आला' असा शेरा मारला आणि कागद बंद केला. ते कटर आमच्या मुद्देमालाच्या खोलीत काही दिवस पडून होतं. परत न्यायला मात्र दोघांपैकी कोणीच आलं नाही.

या प्रकरणानं माझी चौकशीची पद्धत बदलली. त्याआधी गप्प बसलेल्या माणसाला मी विचारायचो, काय लपवतोस? त्यानंतर विचारू लागलो, कोणासाठी लपवतोस? या प्रश्नावर अनेक जण बोलते झाले. त्यात निरपराध होते, तसे अट्टल गुन्हेगारही होते. त्यांच्यातले काही तर उत्तर देण्याआधी रडले.