खिशातला टेप

हे माझ्या तोंडून अजून कुणीच ऐकलेलं नाही. बायकोनेसुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझी एक सिगारेटदेखील लपत नाही. मध्येच अडलो तर अडू द्या.

नांदेडात बसथांब्यांची कामं निघाली होती, नकाशे आमच्या छोट्या फर्मकडे होते. अट अशी, की दिव्यांगांना विचारूनच आराखडा करायचा. मी विचारलं की! मंडप घालून, चहा-बिस्किटं देऊन विचारलं. विचारलं नाही असं कोण म्हणेल?

जुबेदाआपा त्या बैठकीला आल्या होत्या. पाय लहानपणीच पोलिओने गेलेले, हाताने पेडल मारायची तीनचाकी सायकल, रोज बसने अर्धापूरला शिवणकामाला जाणं. थांब्याचा ओटा बसच्या दाराइतका उंच, त्यावर चढायला वळणाचा रॅम्प — हे मी कागदावर समजावत होतो. त्यांनी कागद बाजूला सारला.

"नकाशा राहू द्या साहेब, आधी माझी गाडी मोजा की. लई लांब हाय ती, वळणात अडकंल."

आम्ही माप धरलं होतं दवाखान्यातल्या चाकाच्या खुर्चीचं. इथे रस्त्यावर तसली खुर्ची कितीजण चालवतात? मला ठाऊक होतं. टेप खिशात होता — हाताला लागत होता. पण मोजलं की वळण बदला, नकाशा पुन्हा काढा, साहेबांची बोलणी खा. "मोजतो," म्हणालो, आणि चहाचं बघायला गेलो.

अहवालात लिहिलं — तीनचाकी सायकलची चाचणी घेतली, अडचण नाही. खाली आपांची सही जोडली. ती त्यांनी हजेरीसाठी केली होती.

गेल्या महिन्यात मी त्याच नकाशावरून बांधलेल्या थांब्यावर उभा होतो. आपा आल्या. वळणाशी गाडी अडली, तशा खाली उतरल्या. दोन्ही हातांत चपला घातल्या आणि जमिनीवरून सरकत ओट्यावर आल्या. पानवाल्याने गाडी बाजूला घेतली, रोज घेत असावा तशी. मला पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी मला पाहिलं होतं.

शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हे साहेब लई चांगले. यांनी आमचं समदं लिहून नेलं होतं. वरच्यांनीच ऐकलं न्हाई."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — हो म्हणून.

बस आली. आपा सरकून बाजूला झाल्या, मला आधी वाट दिली. मी चढलो.