सीटबेल्टच्या टोकाची काळी माती

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, हातखंब्याला महामार्गालगतच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात माझ्या आईवर अन्याय झाला. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण कॅलेंडरवर छापलेला मुहूर्त एक वाजता संपत होता आणि मी सारखी मोबाइलवर घड्याळ बघत होते. अन्याय करणारे दोघं होते. एक दुकानदार. दुसरी मी. हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर पुढे धीर होणार नाही.

मी ग्राहकांच्या हक्काचं काम करते. पत्रकं लिहायची, एसटी स्टँडवर वाटायची, लोकांचे अर्ज भरून द्यायचे. मुहूर्तबिहूर्त मी मानत नाही, आणि तसं मी घरात सगळ्यांना ऐकवलेलं आहे. पण आई मानते. बाबा गेल्यावर ती कुळथाचं, आंबोळीचं पीठ करून विकायला लागली. पिठाच्या पिशव्या घेऊन रिक्षा, मग एसटी, मग पुन्हा रिक्षा, असं शहरापासून हातखंब्यापर्यंतची दुकानं करायची. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. पहिली गाडी पाडव्यालाच घ्यायची, हा तिचा हट्ट होता. तो मोडायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

म्हणून आम्ही घाई केली. आई बॉनेटवर नारळ ठेवून हळदकुंकू वाहत होती. विम्याचा एजंट फॉर्म घेऊन आला होता. तो आईच्या माहेरच्या गावचा, म्हणून आम्ही त्याला मामा म्हणतो. "बाय, तूच भर. तुझं अक्षर चांगलं," तो म्हणाला. मी बॉनेटच्या कोपऱ्यावर फॉर्म टेकवून भरायला लागले. एक प्रश्न होता: या वाहनाला पूर्वी टोटल लॉस ठरवलं होतं का? म्हणजे विमा कंपनीने दुरुस्तीपलीकडची म्हणून ही गाडी मोडीत काढली होती का? मी दुकानदाराकडे बघितलं.

"मॅडम, नाही टाका. तिथे सगळे नाहीच टाकतात."

मी 'नाही'वर टिक केली. आईने न वाचता सही केली. मुलीने भरलेला फॉर्म तिने का वाचावा?

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. त्याआधी पाच मिनिटं, आईची सीट पुढे घेऊन तिला बेल्ट कसा लावायचा ते दाखवताना मी पट्टा ओढला होता. शेवटचा हातभर पट्टा जड आला. त्यावर एक फिकट रेघ होती आणि बोटांना माती लागली. काळी, बारीक, नदीच्या गाळासारखी. आमच्याकडची माती तांबडी. कपड्याला लागली की धुतली तरी जात नाही, ती आम्हाला लांबून ओळखू येते. ही आमची नव्हती. ही गाडी कुठल्यातरी पुरात सीटच्या वरपर्यंत बुडाली होती, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर अर्धं कळलंही होतं. मी बोटं पिशवीतल्या पत्रकांना पुसली. बारा पस्तीस झाले होते.

श्रावणात एका सोमवारी सकाळी हातखंब्याच्या उतारावर पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. आईची गाडी मागून आदळली. टेम्पोवाल्यानेच तिला बाहेर काढून दवाखान्यात नेलं. हनुवटीला टाके पडले, बरगडीला चीर गेली. मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती आणि पिठाच्या पिशव्या भिजल्या का, हे विचारत होती.

दोन दिवसांनी मिरजोळ्याच्या गॅरेजमधून फोन आला. तिथले चाचा बाबांच्या वेळेपासून आमची स्कूटर दुरुस्त करतात.

"काय गो बाय, ये जरा. एकटीच ये. अम्मीला आणू नको."

गाडीचं तोंड चेपलेलं होतं. चाचांनी स्टिअरिंगचं झाकण उघडून ठेवलं होतं. "हात घाल," म्हणाले. मी घातला. एअरबॅगच्या जागी गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता.

"आणि डॅशबोर्डवरची एअरबॅगची लाइट? ती तर नीट लागून विझायची."

"ती दुसऱ्या लाइटीला जोडलीय. हुशार लोक." मग त्यांनी सीटबेल्टची पेटी काढून दाखवली. आत गंज आणि काळी माती. "हा धक्क्याला अडकायला हवा होता. अडकलाच नाही. अम्मी पुढे गेली ती म्हणून. बाय, ही गाडी पाण्यातून आलीय. तुम्ही घेताना बेल्ट ओढून नाय बघितलात?"

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्यांदा तेच खोटं 'नाही'.

संध्याकाळी मामा घरी आला. त्याने ओळखीच्या माणसाकडून चेसिस नंबर तपासून घेतला होता. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात या गाडीचा टोटल लॉस क्लेम झाला होता. कंपनीने पैसे दिले, सांगाडा लिलावात गेला, कुणीतरी धुऊनपुसून रंग मारून पुन्हा रस्त्यावर आणला.

आई आतल्या खोलीत पडली होती. मामा दबक्या आवाजात बोलत होता.

"क्लेम टाकलास तर कंपनीचा सर्व्हेअर गाडी तपासायला येणार. तो चेसिस नंबर टाकणार. जुनं सगळं वर येणार. मग फॉर्म काढणार. टिक कुणाची? अक्षर कुणाचं? सही कुणाची?"

"तू शेजारी उभा होतास, मामा."

"मी नारळ फोडत होतो गो! माझं नाव घेऊ नको, माझी एजन्सी जाईल. ऐक माझं. टेम्पोवाला काही मागत नाही. चाचा हळूहळू करून देतील. पॉलिसी आपोआप संपेल. गप राहिलो तर कुणालाच काही कळत नाही."

"आणि टाकायचाच असेल तर?"

"मग लवकर. जितका उशीर, तितके प्रश्न."

तो गेला. मी आमचंच पत्रक काढून वाचत बसले. 'विमा हा तुमचा हक्क आहे! घाबरू नका! खोटं लिहून घेणाऱ्याला जाब विचारा!' उद्गारचिन्हं माझीच. क्लेम टाकला तर पॉलिसी रद्द होईल, आईचं नाव खोटारड्यांच्या यादीत जाईल, कदाचित फसवणुकीची केस. नाही टाकला तर ती गाडी चाचांच्या हातून पुन्हा उभी राहील आणि आई पुन्हा त्याच पट्ट्यात बसेल. फोन वाजला की सर्व्हेअर असेल असं वाटायचं. मी त्याला बोलावलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी हातखंब्याला गेले. जाब विचारायला.

दुकानदाराने खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, फॉर्मवर माझी सही दाखवा."

"तुम्ही सांगितलंत नाही टाका म्हणून!"

"मी तर सगळ्यांना शुभेच्छा पण देतो. त्याचं काय लिहून ठेवलंय?"

त्याच्या मागे अंगणात एक पांढरी गाडी उभी होती. तिच्यातून ओलीचा कुबटपणा झाकणारा तोच अत्तराचा वास येत होता, जो आमच्या गाडीतून महिनाभर जात नव्हता. एक बाई तिच्या सासऱ्यांबरोबर गाडी बघायला आली होती. नवरा जहाजावर, हे ती दुकानदाराला सांगत होती. पुढच्या महिन्यात येणार, त्याच्याआधी गाडी दारात उभी करायची आहे. ती मागच्या सीटवर लहान मुलीला बसवून बेल्ट लावून बघत होती. पट्टा मुलीपुरताच ओढला. टोकापर्यंत नाही.

मी उभी राहिले. तोंड उघडलं. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी ओरडले असते तर त्या बाईने विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? आणि मग मला सांगावं लागलं असतं. मी चहा तसाच ठेवून एसटी पकडली. पत्रकं वाटताना अनोळखी माणसाला हात धरून थांबवणारी मी.

घरी आले तर आई उठून बसली होती. हनुवटीला पट्टी, म्हणून तिचं बोलणं ओठातल्या ओठात.

"मामा आलेला तेव्हा मी जागी होते," ती म्हणाली. "माझ्या सहीवर तू खोटं लिहिलंस?"

मी सगळं सांगितलं. काळी मातीसुद्धा. तिने पट्टीला बोट लावलं.

"मुहूर्त मला हवा होता. तुला तर तो पटतच नव्हता. मग घाई तू का केलीस गो?"

मी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.

"क्लेम नकोच," ती म्हणाली. "लोक म्हणतील, पीठवाली बाई खोटारडी. पिठात पण काहीतरी मिसळत असेल."

मग मी तिला त्या पांढऱ्या गाडीबद्दल सांगितलं. ते सांगायचं मी शेवटी ठेवलं होतं. ती ताठ बसायला गेली आणि बरगडीने कळवळली.

"आणि तू तशीच आलीस?"

"हो."

"ती मुलगी केवढी?"

"पाचएक वर्षांची."

"कागद आण," आई म्हणाली. "आधी क्लेम. त्याच्याबरोबर सगळं लिही. टिक कुणी केली, कुणी सांगितलं, माती, गोणपाट, सगळं. मी वाचून सही करणार. आणि उद्या सकाळी पहिल्या गाडीने तिकडे जा."

तिने चार पानं चष्मा लावून वाचली. दोन ठिकाणी माझी पत्रकी भाषा खोडायला लावली. 'काळ्या धंद्याचा बुरखा' हे पहिलं. "कसला बुरखा? गोणपाट लिही," म्हणाली. पानं कंपनीकडे, परिवहन कार्यालयात आणि पोलिस ठाण्यात दिली. सर्व्हेअर आला, फोटो काढले, माझ्या हस्ताक्षराचा नमुना घेतला आणि गेला. कंपनीचं पत्र अजून आलेलं नाही. पोस्टमन गल्लीत वळला की आई हातातलं पीठ झटकते आणि माझ्याकडे बघते.

पण कागद लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी हातखंब्याला पोचले तेव्हा अंगणात ती पांढरी गाडी नव्हती. जमिनीवर फक्त चाकांचे ठसे. दुकानदार म्हणाला, कालच गेली. कुणाला, ते सांगणार नाही. त्या बाईचं नाव मी विचारलेलं नव्हतं. तेव्हापासून शहरात दिसेल त्या पांढऱ्या गाडीत मी वाकून बघते.

मला ती सापडलेली नाही. म्हणून हे तुमच्यासाठी. गाडी जुनी घेतली असेल, कुणाच्याही ओळखीने, कितीही चांगल्या दिवशी, तर हे वाचायचं थांबवा आणि गाडीपाशी जा. पाचही सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा. बोटं बघा. माती लागली तर ती पत्रकाला पुसू नका. फॉर्म काढा, तो प्रश्न शोधा, आणि 'हो' लिहून कंपनीला कळवा. आजच. आणि मागच्या सीटवर लहान मुलगी बसवणारी, नवरा जहाजावर असलेली बाई तुमच्या ओळखीची असेल, तर तुमच्या गाडीच्याही आधी तिच्या दारात जा.