पोटमेनू आणि फूटपट्टी

माउस कसा चालवतो यावरून माणसाची लायकी ठरवणारे अख्ख्या सुरतेत एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे साडू आहेत. मूळचे धुळ्याकडचे. उमेदीची वर्षं नवागाममध्ये यंत्रमागावर गेली. पुढे सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते संगणकावर साड्यांची डिझाइनं करू लागले आणि तिथं त्यांना जन्माचा वैरी भेटला: पोटमेनू. शब्द त्यांचाच. ‘रंग’वर बाण नेला की बाजूला छटांची यादी उघडते. तिच्यातल्या खालच्या छटेकडे हात तिरपा निघाला, की बाण वाटेत ‘रंग’खालच्या ‘रेषा’ला घासतो आणि छटा गडप. "पयी गयं!" छटा पळाली म्हणून साडू अहिराणीत ओरडतात आणि स्वयंपाकघरात भांडं पडतं.

उपाय त्यांनी मागावरून आणला. "धोटा तिरपा गया का बाहेर उडस," हे धाग्याची नळी घेऊन मागावर धावणाऱ्या धोट्यावरून आलेलं त्यांचं तत्त्वज्ञान. मुलीची शाळेतली फूटपट्टी, कर्कटकानं तिचं नाव कोरलेली, त्यांनी टेबलावर चिकटवली. तिच्या कडेनं माउस आधी नाकासमोर सरळ, मग काटकोनात खाली. तेवढा वेळ श्वास रोखलेला आणि घरातला मिक्सर बंद. एकदा दाढ दुखत असताना दवाखान्यातून तसेच परत आले, कारण डॉक्टरांचा माउस तिरपा धावताना दिसला होता. "अशा हातापुढे मी तोंड उघडाव नही!"

त्याच मुलीला बघायला नाशिकचा सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा आला, तेव्हा सगळ्यांची नजर आधी त्या फूटपट्टीकडे गेली. मुलामुलीची पसंती झाली होती. उरला होता फक्त बापाचा होकार. साडूंनी पोह्यांची बशी बाजूला सारून पाहुण्याला संगणकापुढे बसवलं. मुलगा तिरपा गेला. यादी मिटली. पुन्हा तिरपा, पुन्हा मिटली. मुलगी चहाचे कप घेऊन दाराआडच थांबली.

"आता तरी सरळ जा ना, भाऊ!" साडू कळवळले.

"काका, हात तिरपाच जाणार. सगळ्यांचाच जातो. चूक मेनूची आहे. त्यानं जरा थांबायला नको?"

साडू खुर्चीवरून ताडकन उठले. "म्हणजे इतली वरीसं मनी चूक नव्हती?"

"मुळीच नाही."

"अरे, पेढे काढा! सोयरीक पक्की!" साडू आत बघून ओरडले.

लग्नानंतर जावयानं सासऱ्यांसाठी डिझाइनचं एक छोटं सॉफ्टवेअर लिहून पाठवलं. त्यातली छटांची यादी बाण पोहोचेपर्यंत थांबते. मागच्या रविवारी गेलो, तर साडूंनी मला चप्पल काढायचीही उसंत दिली नाही. "देखा, साडूभाऊ! तिरपा जास... थांबनं! परत देखा!" लहान मूल फुगा दाखवतं तसं त्यांनी मला ते कितीदा तरी दाखवलं.

फूटपट्टी मात्र टेबलावर तशीच होती. म्हटलं, आता हिचं काय काम?

"राहू द्या," ते म्हणाले. मग कुठलीच छटा नको असताना त्यांनी माउस हळूच तिच्या कडेला लावला आणि लेकीच्या कोरलेल्या नावाशेजारून सरळ पुढे नेला. आत मिक्सर सुरू होता. त्यांनी तो बंद करायला सांगितलं नाही.