चष्मा घरी राहिला

सीमाभागातल्या मच्छे गावात आमच्या वर्गाच्या खोलीत एक जुना टीव्ही होता. त्याला वायर, वायरीला मोबाईल आणि मोबाईलला एक स्वस्तातला कीबोर्ड जोडला की झाला कॉम्प्युटर. दर रविवारी दुपारी आठ-नऊ बायकांसमोर मी ही जोडणी करायचो आणि जादू दाखवल्यासारखा बाजूला सरकून उभा राहायचो. वर्गाचं पत्रकही मीच लिहिलं होतं: 'कॉम्प्युटर विकत घ्यायला नको, तो तुमच्या कमरेच्या पिशवीत आहे.' ते वाक्य मला अजून पटतं. ते पत्रक वाटून मी पुढे जे केलं, त्याची लाज वाटते.

मी निपाणीचा. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. सभा असली की वडील गठ्ठे आणायचे आणि मी जमिनीवर बसून घड्या घालायचो. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. मायबोली, हक्क, अन्याय हे शब्द मला दप्तर या शब्दाआधी लिहिता येत होते. शाळेत कन्नड होतं. ते पास होण्यापुरतं शिकलो आणि निकाल लागल्यावर हट्टाने विसरलो. ही फुशारकी मी पुष्कळ ठिकाणी मारली आहे.

वर्गात एक आक्का यायच्या. तिथल्याच गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायच्या. पायडल दाबून दाबून उजवा गुडघा कामातून गेला होता. कारखान्यात एक लिहायची जागा निघणार होती. किती कपडे शिवले, किती परत आले, हे खुर्चीत बसून मोबाईलवर भरायचं. सोमवारी सुपरवायझर प्रत्येकीला तिच्याच फोनवर भरून दाखवायला सांगणार होता. आक्का त्या खुर्चीसाठीच वर्गाला यायच्या.

"सर, खुर्ची मिळाली तर ह्या गुडघ्याची पूजा घालतो बघा," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका 'येतो', 'जातो' असंच बोलतात.

"आणि आमाला जेवान," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या.

त्या परीक्षेच्या आदल्या रविवारचीच गोष्ट. फोन जोडताना माझ्या लक्षात आलं की निम्म्या बायकांचे फोन कन्नडमध्ये आहेत. माझ्या अंगात वडिलांची सभा संचारली. "फोन आपला, बोट आपलं, आणि अक्षरं दुसऱ्याची?" मी पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. मग मी एकेक फोन हातात घेतला आणि मराठी केला. विचारलं कुणालाच नाही. फोनमधले कन्नड कीबोर्डसुद्धा काढून टाकले, पुन्हा मोह नको म्हणून.

शेवटी प्रत्येकीने टीव्हीवरची एक ओळ मोठ्याने वाचायची होती. आक्कांची पाळी आली. त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"चष्मा घरी राहिला, सर."

"चष्मा कवा लागला गं तुला?" शेजारचीने विचारलं.

"लागलाय. गप बस की."

"पुढच्या वेळी आठवणीने आणा," मी म्हणालो आणि पुढच्या बाईकडे वळलो.

पुढच्या रविवारी आक्का मागच्या भिंतीला टेकून बसल्या. खुर्चीचं काय झालं हे विचारायचं मला सुचलंही नाही. वायरी ठेवायची आमची कापडी पिशवी उसवली होती. ती त्यांनी मांडीवर ओढली, पदराला टोचलेली सुई काढली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला.

"वा आक्का, चष्म्याशिवाय?" मी गमतीने म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं नाही. "सुईला मराठी लागत न्हाय, सर."

वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं. घरात मराठी, शाळा कन्नड. दहावी पास. मराठी बोलायला अडत नव्हतं, वाचायला मात्र कधी शिकल्याच नव्हत्या. सोमवारी सुपरवायझरसमोर त्यांनी फोन उघडला, तर सगळी अक्षरं अनोळखी. तो म्हणाला, "ओदाक बरंगिल्लेनु?" म्हणजे, वाचायला येत नाही का? दहावी पास झालेली बाई चार जणींसमोर 'न्हाय' म्हणाली आणि परत मशीनवर जाऊन बसली.

"पण मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. किती सोयीचा प्रश्न होता तो!

"एवढं भाषान झाल्यावर? समद्या टाळ्या वाजवाय लागल्या. मीबी वाजवली."

मी त्यांचा फोन पुन्हा कन्नड केला. कीबोर्ड परत आणायचा होता, पण आता पडद्यावरचं एक अक्षर मला लागेना. बोट नुसतं वर-खाली फिरत राहिलं. आक्कांना ते कळलं. त्या एकेका ओळीवर बोट ठेवून मला वाचून दाखवू लागल्या, अगदी हळू आवाजात, दारात चपला घालणाऱ्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी त्यांना सगळ्यांसमोर वाचायला लावलं होतं. त्या माझं झाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आक्कांबरोबर कारखान्याच्या गेटवर गेलो. सुपरवायझर बाहेर आला. पाऊण तास बोलणारा मी, दोन तुकड्यांत संपलो. "तप्पु नंदु. अवर्दल्ल." चूक माझी, यांची नाही. तो बराच वेळ काहीतरी बोलला. त्याच्या बोलण्यातलं 'कुर्ची' तेवढं मला कळलं.

"काय म्हणाला?"

"खुर्ची दिली म्हणतोय दुसरीला. परत निघाली तर बघू म्हणतोय."

"मी वरच्या साहेबांना भेटतो. अर्ज करू."

"अर्ज कशात लिवणार, सर?"

त्या थोड्या हसल्या. "न्हाय, पण त्येवढं वाक्य चांगलं बोल्ला बघा. आजवरच्या समद्या भाषनांत."

घंटा झाली. आक्का उजवा पाय जरा ओढत आत गेल्या. थोड्या वेळाने आत मशिनी सुरू झाल्या. सगळ्यांचा मिळून एकच आवाज येत होता. त्यात त्यांची मशीनही होती.