चेनसॉची उत्तरपूजा

"माधव, चालू करो जी. लाइन ग्यारा बजे तक इच बंद है," अण्णा खालून ओरडले.

मी जमिनीपासून तीस फुटांवर, बकेटमध्ये उभा होतो. बकेट म्हणजे ट्रकच्या लांब लोखंडी हाताच्या टोकाला बसवलेलं उघडं डबडं. त्यात दोन माणसं पोटं आत ओढून मावतात. दुसरा बशीरभाई. तो बकेट हलवतो, मी चेनसॉने, म्हणजे साखळीच्या मोटर-करवतीने, फांद्या कापतो. आम्ही बारा वर्षं स्वतःला असेच त्यात कोंबून घेत आलो आहोत. अण्णा आमचे तेलुगू ठेकेदार. ते खाली उभे राहून सल्ले देतात.

बरकतपुऱ्यातल्या एका वकिलांच्या घरासमोर कडुनिंबाची मोठी फांदी मोडून विजेच्या तारांवर लोंबत होती. ती उतरवायला वीजवाल्यांनी एक तास लाइन बंद करून दिली होती. त्यातली पंचवीस मिनिटं ट्रक गल्लीत वळवण्यातच गेली.

आमच्या घराण्यात आजोबांपासून सगळे सरकारी नोकरीत. मी झाडं कापतो. लग्नकार्यात नातेवाईक "सध्या काय करतोस?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. त्यामुळे माझं ज्ञान मी नव्या भरतीच्या पोरांवर काढतो. उंचावर चेनसॉ कसा सुरू करायचा, यावर मी तासभर बोलू शकतो. पट्ट्याचा हुक बकेटला. मशीनचं पातं कठड्याच्या बाहेर. डावा हात पुढच्या हँडलवर ताठ, मागचं हँडल मांडीशी दाबलेलं, मग उजव्या हाताने दोरी ओढायची. सिनेमातल्यासारखं एका हाताने मशीन खाली झोकत दुसऱ्या हाताने दोरी खेचायची नाही. बकेट डुलत असते, आणि झोकलेलं मशीन शेजाऱ्याच्या मांडीवर जातं.

आणि सगळ्यात आधी चेन ब्रेक. पुढच्या हँडलसमोर एक प्लास्टिकची ढाल असते. ती पुढे ढकलली की खट्ट आवाज येतो आणि साखळी जखडते. मशीन सुरू करताना ती पुढेच हवी.

मी ढाल ढकलली. खट्ट झालं नाही.

पुन्हा ढकलली. हलेना. आदल्या दिवशी दसरा. अण्णांनी ट्रकपासून पान्यापर्यंत सगळ्याची पूजा केली होती, आणि मशीनला झेंडूचा हार होता. हार बाजूला केला. खाली लाल धागा. सात वेढे, ढाल आणि हँडल एकत्र आवळून, वर तीन गाठी. ब्रेकची मुंज लावली होती म्हणा.

धागा मीच बांधला होता. अगदी मनोभावे.

एरवी मी मशीन खाली सुरू करून, गरम करून, बंद करून मगच वर नेतो. तेव्हाच कळलं असतं. पण पूजेनंतरचा पहिला आवाज गिऱ्हाइकाच्या झाडावरच झाला पाहिजे, असा अण्णांचा नियम.

"अण्णा, धागा कापावा लागेल," मी खाली सांगितलं. "ब्रेक अडकला आहे."

"नक्को! कल बांधे, आज काटे तो अपशकुन. वैसाच चलाओ. ब्रेक लगता इच कब है?"

मी चाकू बशीरभाईपुढे धरला.

"मैं नहीं काटता मियाँ," तो म्हणाला. "तुम लोगों का पूजा का धागा, तुम काटो. कल को कुछ हुआ तो मेरा नाम आता."

खरं सांगतो, मी दोरीला हात घातला होता. वीस मिनिटं उरली होती, गल्लीत माणसं जमली होती, आणि एका दिवसाने काय होतंय, असं वाटलं. बशीरभाई माझ्या उजव्या खांद्याला टेकून उभा होता.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "काय घोटाळा आहे हो?" वकिलांच्या घरची गच्ची आमच्याच उंचीवर होती आणि तिथे वकीलकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं.

"उत्तरपूजा केली का?"

"मशीनची?"

"मग काय. पूजा केली की उत्तरपूजा करायची, मग सगळं काढता येतं. तुमच्या अण्णांना माहीत नसेल, तुम्हाला तर माहीत पाहिजे." त्यांनी ताटातले मूठभर तांदूळ आमच्यावर उडवले. अर्धे बशीरभाईच्या हेल्मेटवर पडले. "पुनरागमनाय च म्हणा. आणि मशीन जरा उत्तरेला सरकवा."

"उत्तर किधर?" बशीरभाईने विचारलं. काकूंनी बोट दाखवलं. त्याने दांडा दाबून अख्खी बकेट वीतभर उत्तरेला नेली. खाली अण्णांनी हात जोडले. मी धागा कापला. ढाल ढकलली. खट्ट.

तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. ब्रेक सोडला, आधी वरच्या डहाळ्या काढल्या. चौथ्या कापाला पात्याचं टोक मागच्या एका खोडक्याला लागलं. याला किकबॅक म्हणतात. टोक अडलं की मशीन उसळून मागे येतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. माझं मनगट ढालीवर आपटलं आणि साखळी थांबली. पातं बशीरभाईच्या मानेपासून चार बोटांवर होतं. मी मशीन बंद करून पातं कठड्याबाहेर नेलं.

उरलेलं काम केलं. लाइन वेळेत चालू झाली.

खाली अण्णा सगळ्यांना सांगत होते, "देखे? कल पूजा किया, आज बच गए."

चहा घेताना बशीरभाईने हळूच विचारलं, "माधवभाई, वो धागा बांधा किसने था?"

अण्णांचं नाव घेणं सोपं होतं.

"मैंने," मी म्हणालो.

त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "अगले साल से मैं बांधूंगा."

आता दरवर्षी दसऱ्याला चेनसॉला धागा बशीरभाई बांधतो, मागच्या हँडलला, एकच गाठ. नंतर ढाल स्वतः तीनदा ढकलून बघतो. मी हळदकुंकू लावतो, त्याहून जास्त मला काही करू देत नाही.

नव्या पोरांना मी अजून तासभर शिकवतो. नियम सगळे तोंडपाठ आहेत. त्या दिवशीही होते.