सुमन दुसऱ्या स्टेशनवर उतरली होती

या धाग्यावरचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज वगैरे... आमच्या घरात तर लिंबू-मिरचीसुद्धा कधी टांगली गेली नाही. कुणाच्या अंगात येतं असं कानावर आलं तरी बाबा खवळायचे. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, कागदावर लिहिलेलं तेवढंच खरं मानणारे. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझाच धड बसत नाही.

मी रायपूरची. मूळचे आम्ही विदर्भातले, पण माझा जन्म इथल्याच रेल्वे क्वार्टरमधला. आईला काचबिंदू होता आणि मी कॉलेजात जाईपर्यंत तिची नजर जवळजवळ गेली होती. तिला वाचनाचं भारी वेड. म्हणून बाबा दर शनिवारी सायकलने ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी वाचनालयातून पुस्तक आणायचे आणि रविवारी जेवणं झाली की मोठ्याने वाचायचे. मी हिंदी मीडियमची, मराठी वाचायचा आळस. माझं सगळं मराठी वाचन असं कानांनीच झालं.

रहस्यकथा असली की शेवटच्या प्रकरणाआधी बाबा पुस्तक मिटायचे आणि खुनी कोण ते आम्हाला विचारायचे. आईचं उत्तर ठरलेलं – "नवराच असंल." निम्म्या वेळा बरोबर निघायचं! भुताची गोष्ट सुरू झाली की मी भर दुपारी आईच्या पदराशी. विज्ञानकथा आईला पटायची नाही. "मंगळावर गेले ते ठीक आहे, पण धुणं कुठं वाळू घालतात ते नाही सांगितलं," म्हणायची. आणि प्रेमकथेत बाबा खाकरले की आई लगेच – "दोन पानं गाळली वाटते तुम्ही." बाबा पानं गाळतात हे आम्हाला माहीत होतं. पण बदलतात...? असं कधी मनातही आलं नाही.

मी लायब्ररी सायन्स केलं. बाविसाव्या वर्षी पुण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी निवड झाली. आठ दिवसांत कळवायचं होतं. जाऊ की नको, मला काही सुचत नव्हतं. आईला चूल-गॅस करता येत नव्हतं, बाबांची ड्यूटी कधीही लागायची.

त्या रविवारी बाबांनी एक सामाजिक कादंबरी संपवली. नाव देत नाही. सुमन नावाची मुलगी आजारी आईला सोडून नोकरीसाठी निघते. गाडी सुटते. दुसऱ्या स्टेशनवर ती ट्रंक उचलते, उतरते आणि परतीच्या गाडीची वाट बघत बसते. घरी पोचते तेव्हा आई डोळे न उघडताच म्हणते, "आलीस? आता कडी लावून घे."

बाबांनी पुस्तक मिटलं. आई रडत होती, मीही रडत होते. संध्याकाळी मी सांगून टाकलं – नाही जात. बाबा चहा प्यायले आणि ड्यूटीवर गेले.

आज मी नवा रायपूरच्या एका सरकारी ऑफिसात येणाऱ्या कागदांवर आवक क्रमांक टाकते. वाईट चाललंय असं नाही. लग्न झालं, चौबे कॉलोनीत घर झालं. आई गेली. आता बाबा माझ्याकडेच असतात. त्यांचे डोळे लवकर थकतात, म्हणून रविवारचं वाचन माझ्याकडे आलं. ती कडी मी स्वतःच्या हाताने लावली असं इतकी वर्षं समजत होते, त्यामुळे कुणावर राग नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला, प्रज्ञाला, पुण्यातच नोकरी लागली. तिचं जायचं ठरत होतं आणि बाबा म्हणाले, "संगी, या वेळी ते सुमनवालं पुस्तक आण वं."

मला ते कुठेतरी लागलंच. नात निघाली आणि यांना नेमकी तीच गोष्ट आठवली? तरी शनिवारी गेले. पुस्तक अजून होतं, बाइंडिंग केलेलं. कपाटाजवळ उभ्यानेच मी शेवटची दोन पानं वाचली. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या डोळ्यांनी.

सुमन उतरत नाही.

गाडी दुसऱ्या स्टेशनवरून पुढे जाते. 'दोन स्टेशनं गेली. सुमनने जेवणाचा डबा उघडला.' बस्स, संपली कादंबरी! ट्रंक उचलणं नाही, आई नाही, कडी नाही. मी पुन्हा वाचलं. मग मोबाइलवर दोन्ही पानांचे फोटो काढले. स्कूटी स्टँडवरून काढता येईना, पायरीवरच बसून राहिले. ज्या माणसाने मला खोटं बोलू नको म्हणून शिकवलं, त्याने पुस्तक हातात धरून, माझ्यासमोर बसून, मला फसवलं होतं. मला घरी ठेवून घ्यायला. इतकी वर्षं मी त्यांच्या ताटात गरम पोळी वाढत होते!

रात्रभर ठरवत होते. ओरडायचं नाही. त्यांच्याच समोर खरा शेवट मोठ्याने वाचायचा आणि त्यांचं तोंड बघायचं. नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" व्हायला नको, म्हणून फोनवर रेकॉर्डिंग लावायचं.

रविवार, दुपारचे तीन. कूलर सुरू. बाबा आरामखुर्चीत, प्रज्ञा माझ्या शेजारी दिवाणावर. मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. खरं तर फार बरं वाटत होतं – आता सापडलात! अर्ध्यात मान वर केली तर बाबांचे ओठ हलत होते. माझ्याबरोबर, शब्दाला शब्द. मी शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं, "बोला आता. काहून फसवलं मले?"

बाबा गोंधळले. "काय झालं वं?"

"जे आता वाचलं ते! हे कुठं वाचलं होतं तुम्ही तेव्हा?"

"हेच तं वाचलं होतं," बाबा म्हणाले.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मम्मी," ती म्हणाली, "मैं नहीं जाती पुणे. सच में. तुम अकेली पड़ जाओगी."

मला काही कळेना. "अगं, सुमन तर गेली ना! डबा उघडला तिने!"

"कब? वो तो उतर गई. अभी तो तुमने पढ़ा."

रेकॉर्डिंग लावलं. कूलरची घरघर आहे, मागे भाजीवाल्याची हाक आहे, आणि माझा आवाज आहे. स्वच्छ माझा. "सुमनने ट्रंक उचलली..." आणि शेवटी, बाबा थांबायचे तिथेच थांबून – "आलीस? आता कडी लावून घे."

प्रज्ञाने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, बोट फिरवत वाचलं. "ये तो लिखा ही नहीं है, मम्मी..." फोटोतही तेच होतं, पुस्तकातही तेच. डबा. मी छापील ओळींवर नजर ठेवून जे वाचलं ते त्या पानांवर नव्हतंच. आणि मला ऐकूही आलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मनातून तुम्हाला मुलीला थांबवायचं होतं. हो, होतं. खोटं कशाला बोलू? पण मी तर बाबांना उघडं पाडायला बसले होते. आणि एकदाच ऐकलेली दोन पानं इतक्या वर्षांनी कुणाला तोंडपाठ असतात?

मग प्रज्ञाने मागचं कोरं पान उलटलं. त्या वाचनालयात जुन्या सभासदांची सवय होती, शेवटच्या पानावर पेन्सिलने अभिप्राय लिहायचा आणि खाली सभासद क्रमांक. 'ठीक', 'रटाळ', 'एकदा वाचावी'. त्यात एक ओळ पार्सलच्या पावतीवर असतं तशा अक्षरात होती. बाबांचं अक्षर, बाबांचा ११८ क्रमांक.

'मुलीने परत यायला नको होते. – ११८'

म्हणजे बाबांनीही ती परत आलेलीच वाचली होती. त्यांनी काही बदललं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं ना? उलट तेव्हाच मी मोडले.

"तुम्हाले असं वाटत होतं?" मी विचारलं.

"हव."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

बाबा कूलरकडे बघत म्हणाले, "तू म्हणली, नाही जात. मले बरं वाटलं, संगी. तुह्या मायचे डोळे गेले होते, घरी कोणी पाह्यजे होतं. चूप बसलो. सोमवारी पुस्तक वापस करताना राहावलं नाही, तं लिहून टाकलं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कुठली तरी शक्ती पुस्तकातून बोलली असेल, तिला मी एक वेळ माफ करीन. पण या माणसाला खरं काय ते माहीत होतं. ते त्याने वाचनालयाच्या मागच्या पानाला सांगितलं, मला नाही. समोरच तर बसले होते मी... मला अजून राग आहे. बाबांना वेळेवर औषध देते, चहा देते, पण आता त्यांना वाचून दाखवत नाही. कुणालाच नाही. रविवारी ते मांडीवर पुस्तक घेऊन बसतात, एकेक ओळ भिंगातून.

प्रज्ञाला मात्र त्याच दिवशी म्हटलं, "माझ्या तोंडचं ऐकू नकोस. तू स्वतः वाच." तिला मराठी वाचायला वेळ लागतो. दोन दिवस अडखळत शेवटचं प्रकरण वाचत होती. मी विचारलं नाही तिला काय दिसलं.

रेकॉर्डिंग अजून फोनमध्ये आहे. ऑफिसातल्या दोघींना ऐकवलं, सोबत फोटो दाखवले. एक म्हणाली थकवा, एक म्हणाली पूजा करवून घे. मला दोन्ही पटत नाहीत.

प्रज्ञा पुण्याला गेली त्या दिवशी स्टेशनवर मी हसत हात हलवला. घरी आले तर बाबा दाराकडे तोंड करून बसलेले. मी दार उघडंच ठेवलं आणि फोन हातात धरून उंबऱ्यावर बसले. गाडीचं पहिलं स्टेशन दुर्ग, त्याची वेळ झाली. काही नाही. दुसरं स्टेशन राजनांदगाव. बाबाही घड्याळ बघत होते. मग फोन वाजला.

"राजनांदगाव निकल गया, मम्मी. डब्बा खोल लिया."