पन्हाळ्यावर उकळलेलं पाणी

“एवढं साधं उत्तर चुकलंय हिचं,” म्हणत परीक्षकांनी सुजाताच्या पेपरावर लाल रेघ ओढली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पन्हाळ्यावरच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवायची. दहावीची प्रॅक्टिकल चालू होती आणि हे साहेब कोल्हापुरातून एक्स्टर्नल म्हणून आलेले. प्रयोग सोपा. पाणी तापवायचं, दर मिनिटाला थर्मामीटर वाचायचा, पारा कुठं थांबतो ते लिहायचं. थांबला तो उत्कलनबिंदू. तेवीस पोरांनी शंभर लिहिलं होतं. सुजातानं सत्त्याण्णव.

तिला कोल्हापुरात सायन्सला जायचं होतं. मार्क कमी पडले तर गपगुमान आर्ट्सला घालतो, असं वडिलांनी बजावलेलं. पोरगी रडकुंडीला आली, पण बोलायची थांबली नाही.

“सर, पाच मिनटं उकळत ठेवलं. पारा वर सरकतच न्हाय. मग शंभर कुठनं आणू?”

“पुस्तकात काय दिलंय?”

“पुस्तकात शंभर हाय की. बीकरमध्ये न्हाय.”

मला आतून हसू आलं आणि लगेच घामही फुटला. कारण पोरगी बरोबर होती. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. शंभर अंश हा समुद्रकाठचा आकडा, आणि आम्ही बसलेलो गडावर! शिकवताना हे मी एका दमात सांगायची. जर्नल तपासताना सोयीनं विसरायची.

“थर्मामीटर खराब असेल,” परीक्षक म्हणाले.

मी सरबतवाल्याकडनं बर्फ मागवला. वितळत्या बर्फात पारा बरोबर शून्यावर आला. साहेबांचं समाधान होईना. त्यांनी दुसरा थर्मामीटर घेतला, स्वतः पाणी उकळलं, चष्मा पुसून तीनदा वाचलं. सत्त्याण्णव. एवढ्यात हेडमास्तर आले. सगळं ऐकून त्यांनी पोरांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

“बाई, एका पोरीला बरोबर म्हटलं तर तेवीस चुकले की वो! शाळेच्या निकालाचं काय?”

“चुकले नाहीत, सर. न बघता लिहिलंय त्यांनी.”

“व्हय? आणि त्यांच्या जर्नलवर सही कुणाची हाय?”

माझीच. अकरा वर्षं शंभर दिसला की मी डोळे झाकून सही ठोकत आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना चारची एसटी गाठायची होती. त्यांनी तोडगा काढला, सगळ्यांना पूर्ण मार्क. तेवीस जणांना पुस्तकाप्रमाणे आणि सुजाताला पाण्याप्रमाणे. सगळे खूश. हेडमास्तरांनी तर चहाबरोबर भजी मागवली.

सुजाता सायन्सला गेली. दाखला न्यायला आली तेव्हा तिनं मला विचारलं, “बाई, पण बाकीच्यास्नी शंभर दिसला कुठं?” मी दाखल्यावरचं नाव तपासत बसले.

पुढच्या वर्षी मात्र मी चंग बांधला. पहिल्याच तासाला वर्गात ठणकावून सांगितलं, आपल्या गडावर पाणी सत्त्याण्णवला उकळतं. कारणासकट, आकृती काढून. पुन्हा कुणी शंभर लिहून दाखवाच म्हटलं.

दिवाळीनंतर जर्नलं तपासायला घेतली. एकाही बहाद्दरानं शंभर लिहिलं नव्हतं. सगळीकडं सत्त्याण्णव, दर मिनिटाच्या तक्त्यासकट, वळणदार अक्षरात. त्या वर्षी पाणी तापवायच्या दिव्यांसाठी लागणारं स्पिरिटच आलं नव्हतं. तो प्रयोग मी अजून घेतलाच नव्हता!

पोरांवर डाफरायला तोंड उघडलं आणि गप मिटलं. आकडा आधी सांगून मोकळी झालेली मीच.